लवासा, कालव्याच्या शेपटाकडून

इंदापूर तालुक्यात पाण्याची भाषा दोन शब्दांत बोलली जाते: हेड आणि टेल. कालव्याच्या तोंडाशी जमीन असलेला तो हेडवाला, शेवटाला असलेला टेलवाला. नियम असा की आवर्तन सुटले की आधी टेल भिजवायचे आणि मग मागे मागे यायचे. प्रत्यक्षात पाणी टेलला पोचेपर्यंत वाटेत किती मोटारी बसल्या आहेत, किती पाइप कालव्यात सोडलेत, किती चाऱ्यांची दारे रात्रीतून उघडली जातात, हे पाटकऱ्यालाही ठाऊक असते आणि साहेबालाही. आणि इंदापूर एका नव्हे, दोन कालव्यांचे शेपूट आहे. नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती भिजवून इथे संपतो. खडकवासल्याहून निघालेला नवा मुठा उजवा कालवा हवेली आणि दौंड ओलांडून, २०२ किलोमीटरची वाट तुडवून इथेच येऊन थकतो. या तालुक्यातल्या बावीस गावांच्या पाण्याचा प्रश्न हा निवडणुकांचा कायमचा विषय आहे. उमेदवार बदलतात, विषय बदलत नाही.

त्या दुसऱ्या कालव्याचे पाणी वर चार धरणांत साठते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, मिळून साधारण २९ टीएमसी. त्यात सर्वांत मोठे वरसगाव, १२.८ टीएमसीचे. मोसे नदीवरच्या या धरणाच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव आहे. मोसे खोरे त्यांचेच. याच जलाशयाच्या वरच्या अंगाला, मुळशी तालुक्यातल्या दासवे गावाशी, पाण्याला लागून पिवळ्या, गेरू रंगाच्या इमारतींची रांग उभी आहे. कमानी, कौलारू छपरे, खाली फरसबंद काठ. इटलीच्या किनाऱ्यावर पोर्टोफिनो नावाचे मासेमारांचे एक इवलेसे बंदर आहे, श्रीमंत प्रवाशांनी जगप्रसिद्ध केलेले. त्याच्यावरून हा काठ बेतला. समुद्रकाठचे विलासनगर समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या आत, धरणाच्या पाण्यावर. त्याचे नाव लवासा.

लवासावर पुष्कळ लिहून झाले आहे, पण बहुतेक पुण्या-मुंबईकडून: पर्यावरणाच्या परवानग्या, बँकांची कर्जे, अडकलेली घरे. मला ते इंदापुरातून पाहावेसे वाटते. एक तर पाणी तेच. दुसरे, मतदारसंघ तोच. २००९ च्या निवडणुकीपासून इंदापूर, बारामती आणि भोर विधानसभेतून मुळशी, सगळे बारामती लोकसभेत मोडते. पण खरे कारण तिसरे आहे. ज्या कंपनीने लवासा आखले, तिच्या संस्थापकाच्या नावाचे एक आखीव नगर लवासाच्या सत्तरेक वर्षे आधी इंदापूर तालुक्यातच वसले होते आणि आजही नांदते आहे.

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले की भवानीनगरचा छत्रपती कारखाना मागे पडतो, तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण होते ते बेलवाडी येते, मग लासुर्णे, मग जंक्शन. जंक्शन हे गावाचे नाव आहे. गावात रेल्वे स्टेशन मात्र नाही. तिथून आत वळले की वालचंदनगर. शेतांच्या मध्येच एकदम आखलेले रस्ते, जुनी मोठी झाडे, सारख्या बांधणीच्या चाळी आणि बंगले सुरू होतात. आसपासची माणसे 'वालचंदनगरला कामाला आहे' असे म्हणत नाहीत. 'कंपनीत आहे' एवढेच म्हणतात, आणि कोणती ते विचारायची गरज पडत नाही.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. घरचा व्यापार सोडून त्यांनी रेल्वेची कंत्राटे धरली. जोडीला लक्ष्मणराव फाटक. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात झाली, पुढे भोर घाटातले बोगदे. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनचे लॉयल्टी जहाज इंग्रजांच्या मक्तेदारीला न जुमानता मुंबईहून निघाले. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी, म्हणजे आजची एचसीसी. १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला गोदी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. चरित्रकारांची नजर साहजिकच जहाजे, विमाने आणि मोटारींवर खिळते. इंदापूरच्या माळावरचा ऊस त्यात मागे पडतो, पण मला स्वतःला हाच उद्योग जास्त टिकाऊ वाटतो.

ऊस इथे आला तो पाण्यामागून. भाटघरचे जुने धरण एकोणिसाव्या शतकातले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या जागी मोठे लॉइड धरण झाले आणि नीरेच्या कालव्यांना बळ आले. पाठोपाठ १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेला जकातीचे संरक्षण दिले. इथली, म्हणजे कळंबची, जमीन, नीरेचे पाणी आणि संरक्षित बाजारपेठ, हे तिन्ही जुळल्यावर तीसच्या दशकात साखर कारखाना उभा राहिला. त्या काळचे खासगी कारखाने ऊस विकत घेण्यावर विसंबत नसत. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःच मळे करत. हजारो एकरांचा मळा, त्यावर राबणारे मजूर, कारखान्यातले फिटर, टर्नर, केमिस्ट, कारकून, या सगळ्यांना राहायला जागा हवी. आसपास शहर नव्हते, म्हणून कंपनीलाच गाव बांधावे लागले. शाळा, दवाखाना, बाजार, मैदान, देऊळ हे सगळे त्या ओघात आले. वर्धमान विद्यालयात शिकून पुण्या-मुंबईत गेलेल्यांच्या पिढ्या आहेत.

हे गाव नंदनवन होते असे मुळीच नाही. खंडाने जमीन देणारा शेतकरी आपल्याच शिवारात परका झाला. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कारखान्यांचे मळे गेले, १९६३ मध्ये शेती महामंडळ आले, आणि जमीन कारखान्याच्या हातून सुटून सरकारच्या हातात पडली. मूळ मालकाकडे नाही. वालचंदनगर आणि रत्नपुरीचे मळे महामंडळाकडे गेले. खंडकरी शेतकऱ्यांची लढाई अर्धे शतक चालली, आणि २०१२ पासून जमिनी परत मिळू लागल्या त्या बहुतेकांच्या नातवंडांना. मळे गेल्यावर कारखान्याचा पायाच खचला. आज वालचंदनगरला ऊस गाळला जात नाही. गाळप होते ते आसपासच्या दुसऱ्या कारखान्यांत.

मग गाव उठून का गेले नाही? कारण साखरेच्या यंत्रांची दुरुस्ती करता करता तिथे यंत्रे बनवायची विद्या तयार झाली होती. जो कारखाना ऊस गाळत होता तोच दुसऱ्यांचे साखर कारखाने बांधून देऊ लागला. मग सिमेंटचे कारखाने, बॉयलर, गिअरबॉक्स. सत्तरच्या दशकापासून इस्रोचे काम. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात १३९ टन घन इंधन ज्या नळकांड्यात भरले जाते, त्याचे भाग इथे घडले आहेत. २.८ मीटर व्यासाचे, मॅरेजिंग पोलादाचे गोल खंड. या पोलादाच्या जोडात केसाएवढी चीरही चालत नाही; प्रत्येक जोड तपासून, पुन्हा तपासून पुढे जातो. चांद्रयान ३ ज्या अग्निबाणातून २०२३ च्या जुलैत गेले, त्याच्या मोठ्या बूस्टरचे भागही इथलेच. उसाच्या ट्रॉल्या जातात त्या पट्ट्यातूनच हे गोल खंड बाहेर पडतात. गावातल्या पोरांना त्याचे फारसे कौतुक नाही. त्यांना भरती कधी निघते ते हवे असते.

वालचंद १९५३ मध्ये वारले. उद्योग भावांच्या घरांत वाटले गेले. वालचंदनगरची कंपनी एकीकडे गेली, एचसीसी धाकटे बंधू गुलाबचंद यांच्या घराकडे आली. वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला तो याच एचसीसीने. गुलाबचंदांच्या घरातल्या अजित गुलाबचंद यांच्या काळात कंपनीने दुसऱ्यांची कामे बांधण्यापलीकडे जाऊन स्वतःचे नगर बांधायचे ठरवले.

त्याला वाट आधीच करून ठेवलेली होती. १९९६ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने थंड हवेची नवी ठिकाणे खासगी गुंतवणुकीतून वसवण्याची नियमावली काढली. महाबळेश्वर, माथेरान इंग्रजांनी केली, आता आपण करू, असा एकूण सूर. २००१ मध्ये मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली अठरा गावे या नियमावलीखाली आली. अमेरिकेतल्या एचओके या बड्या वास्तुसंस्थेने आराखडा केला. पंचवीस हजार एकरांच्या आसपास, पाच नगरे, पहिले दासवे. आराखड्याला अमेरिकेत बक्षिसेही मिळाली. कागदावर तो खरोखर देखणा होता. पायी चालता येईल असे गाव, डोंगराचा उतार न फोडता बसवलेली घरे, गाड्या बाहेर आणि माणसे पाण्याकाठी. नगररचनेच्या विद्यार्थ्याला वाचून आनंद व्हावा असे बरेच त्यात होते.

फक्त तो काठ ज्या पाण्याचा, त्या पाण्याला मालक आधीच होते. समुद्राला भरती-ओहोटी असते, पण तो मेमध्ये आटत नाही. धरण आटण्यासाठीच असते. पावसात भरायचे, आठ महिने खाली सोडत राहायचे आणि जूनपर्यंत तळाला जायचे, हे त्याचे काम. पुणे प्यायले, दौंडचा ऊस भिजला, इंदापूरचा तरंगवाडी तलाव भरला, की वरसगावचे पाणी काठापासून खाली खाली जाते आणि तांबडा, चिखलट उतार उघडा पडतो. विक्रीच्या छापील पुस्तिकेतला निळा काठ ऐन सुट्टीच्या हंगामात, एप्रिल-मेमध्ये, अशा उतारावर येऊन संपला असता. म्हणून जलाशयाच्या वरच्या अंगाला बंधारे घालून दासव्यापुढे पाण्याची पातळी धरून ठेवायची योजना झाली आणि कृष्णा खोरे विकास महामंडळाने तशी परवानगी दिली. धरणासाठी संपादन केलेल्या जमिनीपैकी १४१ हेक्टर जमीन महामंडळाने २००२ मध्ये तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. पुढे महालेखापालांनी या व्यवहारांवर कडक ताशेरे ओढले.

धरणाच्या आकड्यांपुढे बंधाऱ्यांतले पाणी थोडेच, असे कंपनीच्या बाजूने सांगितले जाई. आकड्यापुरते ते खरे असेलही. पण टेलच्या माणसाला आकडा किती यापेक्षा क्रम कोणाचा हे जास्त कळते. ज्याच्या दारात पाणी आधी थांबते, त्याचे भागून उरेल ते पुढे जाते. इंदापूरला हा धडा वरसगावने नव्हे, नीरा कालव्याने शंभर वर्षांपूर्वीच शिकवला आहे.

मुळशीलाही जुनी आठवण आहे. १९२१ मध्ये शेजारच्याच खोऱ्यात टाटांच्या विजेच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, मावळ्यांची भाताची खाचरे बुडाली. नंतर वरसगावनेही गावे उठवली. त्यामुळे लवासाच्या जमीन खरेदीबद्दल कातकरी आणि धनगर कुटुंबांच्या तक्रारी आल्या तेव्हा त्या भागातल्या जाणत्यांना त्यात नवे काही वाटले नाही. मेधा पाटकर आणि जनआंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाने त्या तक्रारी वर नेल्या.

२००८ मध्ये कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. म्हणजे बांधणारी तीच आणि बांधायला परवानगी देणारीही तीच. वालचंदनगरातही कंपनी म्हणजेच गाव होते, हे कबूल. पण तिथे कंपनी आपल्याच कामगारासाठी घर बांधत होती, परक्याला विकण्यासाठी नाही. दोन्ही नगरांतला फरक मला इथे दिसतो. वालचंदनगरमध्ये नगर हा खर्च होता आणि साखर हा माल. लवासात नगर हाच माल. साखर खपली नाही तर यंत्रे करता येतात. घरे खपली नाहीत तर घरांच्या गावाने काय करायचे?

२५ नोव्हेंबर २०१० रोजी जयराम रमेश यांच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली. पर्यावरण मंजुरी न घेता डोंगर कापले, असा आरोप. कंपनीचे म्हणणे असे की हजार मीटरच्या वर बांधलेलेच नाही, मग १९९४ च्या अधिसूचनेखाली मंजुरी कशाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. वर्षभराने, ९ नोव्हेंबर २०११ रोजी, पहिल्या टप्प्याच्या सुमारे दोन हजार हेक्टरांना अटींसह मंजुरी मिळाली. पुढची घसरण या एका वर्षामुळे झाली असे अनेकांनी म्हटले. मला ते अर्धेच पटते. थांबलेले वर्ष महागात पडलेच. पण कर्जावर उभे राहिलेले आणि विक्रीच्या पैशावर पुढे सरकणारे नगर एका वर्षाच्या खंडाने कोलमडत असेल, तर मंदीच्या कोणत्याही वर्षाने ते कोलमडले असते. शेअर बाजारातून पैसा उभारायचे बेत दोनदा जाहीर झाले, पार पडले नाहीत. २०१७ मध्ये नियोजन प्राधिकरणाचा दर्जा गेला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, हजारो कोटींच्या देण्यासह. २०२३ च्या जुलैत डार्विन प्लॅटफॉर्म या कंपनीची १,८१४ कोटींची योजना राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाने मंजूर केली. पैसे आले नाहीत म्हणून २०२४ मध्ये ती मंजुरीही रद्द झाली आणि खरेदीदार नव्याने शोधायची वेळ आली. ज्यांनी हप्ते भरले आणि घराचा ताबा मिळाला नाही, ते या सगळ्या तारखा पाठ म्हणतात.

बारामतीचा उल्लेख टाळून लवासाची गोष्ट सांगता येत नाही. शरद पवारांनी प्रकल्पाचे जाहीर समर्थन केले होते. सुप्रिया आणि सदानंद सुळे यांचा मूळ कंपनीत काही काळ हिस्सा होता, तो नंतर त्यांनी विकला. २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लवासाविरुद्धची जनहित याचिका फार उशिरा आली म्हणून निकाली काढली आणि बांधलेले पाडायला नकार दिला. पण त्याच निकालात पवार कुटुंबाच्या वजनाचा उल्लेख केला, आणि तेव्हाचे पाटबंधारे मंत्री अजित पवार यांनी आपला हितसंबंध उघड करायला हवा होता, असेही नोंदवले. बारामतीत यावर दोन मते ऐकू येतात. ज्यांनी माळरानावर कारखाने आणि महाविद्यालये आणली, त्यांनी डोंगरात एक शहर आणले तर बिघडले काय, हे एक. दुसरे जिरायती भागातले. त्याच तालुक्यात कालव्याच्या एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला टँकर असताना पाणी डोंगरावर का अडवायचे, असे विचारणारे. दुसरे मत सभेत कमी आणि पारावर जास्त बोलले जाते.

आज दासव्याला शनिवार-रविवारी गाड्या येतात. लोक काठावर फोटो काढतात, भजी खातात, संध्याकाळी परततात. एका विद्यापीठाचा परिसर तिथे चालू आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांची वर्दळ असते. भिंतींवर मात्र घाटमाथ्याच्या पावसाने शेवाळ धरले आहे. पोर्टोफिनोचा रंग भूमध्य समुद्राच्या उन्हासाठी होता, सह्याद्रीच्या चार महिन्यांच्या झडीसाठी नव्हता.

आणि इंदापूरला न मागता एक समुद्र मिळाला आहे. देशावर आपण धरणांनाच सागर म्हणतो. उजनीचा जलाशय म्हणजे यशवंतसागर, ११७ टीएमसीचा, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचा. वरसगावचे जे पाणी कालव्यात न जाता नदीने वाहते, ते मुठा, मुळा-मुठा, भीमा करत शेवटी याच जलाशयात येते, पुण्याचे सांडपाणी सोबत घेऊन. पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ त्यात बुडाले. पाणी फार खाली गेले की शिखर वर येते आणि बघ्यांची रीघ लागते. भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या उथळ काठांवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ज्यांची शेते बुडाली त्यांच्यातल्या काहींनी होड्या घेतल्या. आधी मासे धरले, मग पक्षी पाहायला येणाऱ्यांना फिरवू लागले. घरच्या पडवीत मुक्काम, तळलेली चिलापी, भाकरी. कोणा वास्तुसंस्थेने आराखडा केलेला नाही.

म्हणून हे आदर्श आहे असे नाही. पाण्याला वास येतो, कडेला हिरवी साय धरते. २१ मे २०२४ रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहाजण गेले. नियोजन नसण्याची किंमतही माणसेच देतात.

फक्त एका बाबतीत उजनीकाठ लवासापेक्षा शहाणा आहे. पाणी उतरते ते इथे कोणी लपवत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी पेरतात. पाटबंधारे खाते गाळपेर जमिनी वर्षाच्या बोलीने भाड्याने देते. खताशिवाय तरारून येणारे पीक, पण हमी नाही. वरून पाणी सुटले की उभे पीक बुडते. त्यामुळे गाळपेर करणारा शेतकरी रोज सकाळी दोन आकडे विचारतो, उजनी किती टक्के आणि खडकवासल्यातून विसर्ग किती.